देणगीदाराच्या नावाचा रकाना

४ मार्च २०२४ रोजी स्टेट बँकेने सर्वोच्च न्यायालयाकडे मुदतवाढ मागितली. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली होती. कोणी किती रोखे घेतले आणि कोणत्या पक्षाने किती वटवले, ही माहिती ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्या, असा बँकेला आदेश होता. बँक म्हणाली, ३० जूनपर्यंत वेळ द्या. रोखे घेणाऱ्यांची माहिती एकीकडे आहे, वटवणाऱ्यांची दुसरीकडे, दोन्ही बंद लिफाफ्यांत मुंबईच्या मुख्य शाखेत ठेवलेली आहे. एकूण रोखे २२,२१७, म्हणजे दोन्ही बाजू धरून ४४,४३४ नोंदी. त्या जुळवायच्या तर वेळ लागणारच. ३० जूनपर्यंत लोकसभेची निवडणूक उरकलेली असणार होती, ही गोष्ट अर्जात लिहायची गरज नव्हती.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. ४४ हजार ओळी म्हणजे आमच्या धंद्यात किरकोळ माल. साध्या लॅपटॉपवरची एक्सेल फाइलही तेवढ्याने दमत नाही. पण एक गोष्ट बँकेच्या बाजूने मान्य करायला हवी. दोन याद्या जोडायच्या तर दोन्हींत सामायिक असा एक रकाना लागतो. रेल्वेच्या तिकिटाला पीएनआर असतो, स्विगीच्या ऑर्डरला ऑर्डर नंबर असतो, तसा. तो असेल तर जोडणी काही सेकंदांचं काम आहे. तो नसेल तर महासंगणक आणला तरी अंदाजच बांधावे लागतात.

रोख्यावर तसा क्रमांक होता. २०१८ मध्ये पत्रकार पूनम अगरवाल यांनी एक एक हजाराचे रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासून घेतले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अतिनील प्रकाशात उमटणारा क्रमांक प्रत्येक रोख्यावर सापडला. तो बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, असं सरकारने तेव्हा सांगितलं.

११ मार्चला न्यायालयाने मुदतवाढ नाकारली. याद्या जुळवायला आम्ही सांगितलेलंच नाही, आहेत तशा दोन्ही द्या, असं बजावलं. १४ मार्चला दोन याद्या प्रसिद्ध झाल्या, क्रमांकाशिवाय. १८ मार्चला न्यायालयाने पुन्हा कान उपटले आणि क्रमांकासकट सगळी माहिती मागितली. २१ मार्चला क्रमांक आले. त्याच संध्याकाळी देशभरातल्या न्यूजरूममध्ये, आणि आमच्यासारख्यांच्या लॅपटॉपवरही, ३० जूनपर्यंत चालणार असलेलं काम होऊन गेलं.

मला तेव्हापासून एक प्रश्न पडला होता. कुठल्याही डेटाबेसमध्ये एखादा रकाना नसतो, तेव्हा तो विसरलेला तरी असतो किंवा कोणीतरी मुद्दाम काढलेला असतो. 'कोणी कोणाला पैसे दिले' हा रकाना आपल्या कायद्यात कधी होता, कोणी घातला आणि कोणी काढला? शोधायला गेलो तर धागा थेट १९५७ च्या मुंबईत पोचला.

टाटांचा ठराव, छागलांचा इशारा

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. अडचण अशी की कंपनी काय काय करू शकते हे तिच्या मेमोरँडममध्ये लिहिलेलं असतं, आणि त्यात राजकीय देणग्या नव्हत्या. तेव्हा मेमोरँडम बदलायला न्यायालयाची मंजुरी लागायची. जयंतीलाल रणछोडदास कोटिचा यांनी या बदलाला विरोध केला आणि प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठापुढे आलं.

कंपनीचा युक्तिवाद सरळ होता. सरकारच्या धोरणावर आमचा धंदा अवलंबून आहे. धंद्याला पोषक धोरण असलेला पक्ष टिकावा म्हणून पैसे देणं हा धंद्याचाच भाग आहे. छागलांना हे पटायला जड गेलं, पण कायद्यात त्याला मनाई नव्हती. त्यांनी बदल मंजूर केला आणि निकालपत्राच्या शेवटी संसदेला उद्देशून इशारा लिहून ठेवला. कंपन्यांनी पक्षांना पैसे देण्यात मोठा धोका आहे, तो झपाट्याने वाढू शकतो आणि एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो, असा त्याचा आशय. त्याच सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयापुढे इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचं असंच प्रकरण आलं. तिथेही परवानगी मिळाली आणि तिथल्या न्यायमूर्तींनीही नापसंती नोंदवली.

या खटल्यात मतदार कुठेच नाही. भांडण भागधारकांच्या पैशाचं आहे: कंपनीने माझ्या वाट्याचा नफा माझ्या मनात नसलेल्या पक्षाला का द्यावा? मतदाराचा यात काही संबंध आहे हे कायद्याच्या भाषेत यायला अजून बराच काळ जायचा होता.

संसदेने इशारा अर्धा ऐकला. १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३अ आलं. वर्षाला २५ हजार रुपये किंवा मागच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत देणगी देता येईल. शिवाय किती दिले आणि कोणाला दिले, हे नफा-तोटा पत्रकात दाखवायचं. आपला रकाना इथे जन्माला आला.

त्या काळात त्याचा वापर कसा व्हायचा याचं एक उदाहरण आहे. १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष निघाला, उघडपणे खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवलं की आम्ही काँग्रेसला मदत करत राहू, पण जबाबदार विरोधी पक्ष हवा म्हणून स्वतंत्र पक्षालाही करणार आहोत. नेहरूंनी उत्तर दिलं की तुम्हाला तसं स्वातंत्र्य आहेच, फक्त त्या पक्षाकडून तुमची जी अपेक्षा आहे ती पुरी होईलसं मला वाटत नाही. विरोधकांना पैसे दिल्याचं कळलं तर सरकार सूड उगवेल, हा युक्तिवाद पुढे निवडणूक रोख्यांच्या वेळी वारंवार झाला. तेव्हा मला हा पत्रव्यवहार आठवत राहिला.

बंदी आणि स्मरणिका

१९६७ च्या निवडणुकीत स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार निवडून आले आणि काँग्रेसने अनेक राज्यं गमावली. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी घातली. भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने आधीच तशी शिफारस केली होती, त्यामुळे कारण तत्त्वाचं होतं. उद्योगपतींचा पैसा मिळणाऱ्या विरोधी पक्षांची रसद तुटली, हा फायदाही होता. बंदीच्या बदल्यात सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्च देण्याची सोय मात्र केली नाही.

निवडणुकांचा खर्च काही कमी झाला नाही. पक्ष स्मरणिका काढू लागले आणि कंपन्या त्यांत पानभर जाहिराती देऊ लागल्या. कागदावर ती जाहिरात, देणगी नव्हे. बाकीचा पैसा रोखीत, ब्रीफकेसमधून फिरू लागला. आयकराचे दर तेव्हा भयंकर चढे होते आणि परवान्याशिवाय कारखान्याचा खांबही हलत नव्हता, त्यामुळे काळा पैसा आणि तो देण्याचं कारण, दोन्ही मुबलक होतं. बंदीने रकाना तर गेलाच, पण ज्या कागदावर तो होता तो कागदही गेला.

१६ दिवसांचा निकाल

दुसरी बाजू खर्चाची. उमेदवाराच्या खर्चाला १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मर्यादा आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला जिंकले. हरलेले कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. चावलांसाठी पक्षाने केलेला खर्च धरला तर मर्यादा ओलांडली जाते, असा त्यांचा मुद्दा होता.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. पक्षाने उमेदवारासाठी त्याच्या माहितीत आणि संमतीने केलेला खर्च उमेदवाराचाच धरला पाहिजे. नाहीतर ज्याच्या मागे पैसेवाला पक्ष आहे त्याला मर्यादाच उरत नाही आणि लहान माणसाच्या संधीला अर्थ राहत नाही. चावलांची निवड रद्द झाली.

१९ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला. पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा नाही, असं स्पष्टीकरण कायद्याला जोडलं गेलं आणि वर्ष संपायच्या आत त्याचा कायदा झाला. निकाल टिकला १६ दिवस.

आमच्याकडे कोडमधला बग टेस्टिंगवाल्याने पकडला की दोन मार्ग असतात: बग दुरुस्त करा, नाहीतर 'हे असंच अपेक्षित आहे' असं डॉक्युमेंटमध्ये लिहून टाका. संसदेने दुसरा निवडला. त्याचे परिणाम महाराष्ट्रानेही पाहिले. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात गाजलेला खटला झाला. १९९३ मध्ये त्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या खर्चमर्यादेला निव्वळ धूळफेक म्हटलं. २००३ मध्ये ही पळवाट बरीच अरुंद केली गेली. पण पक्षाच्या एकूण खर्चाला आजही मर्यादा नाही. मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे. तो ज्या पक्षाचा आहे त्याच्या हेलिकॉप्टरला आणि जाहिरातींना कुठलीच नाही.

सिमेंटची पोती

देणग्यांवर बंदी असतानाच्या काळातली सगळ्यात बोलकी गोष्ट आपल्याकडची आहे. १९८१ मध्ये सिमेंटवर नियंत्रण होतं. बिल्डरला सिमेंट हवं तर सरकारची मंजुरी लागायची. तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही ट्रस्ट स्थापन केले होते. ऑगस्टच्या शेवटी अरुण शौरी यांनी इंडियन एक्सप्रेसमध्ये या ट्रस्टना मिळणाऱ्या देणग्यांबद्दल लिहिलं आणि राज्यात वादळ उठलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्या. बख्तावर लेंटिन यांच्यापुढे गेलं. १२ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी निकाल दिला की बिल्डरांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेलं सिमेंट यांचा परस्परसंबंध आहे. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढचे फौजदारी खटले वर्षानुवर्षे रेंगाळले आणि त्यांना शिक्षा झाली नाही, हेही सांगायला हवं.

हे ट्रस्ट म्हणजे राजकीय पक्ष नव्हेत. तरी या खटल्याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे, कारण तो उभा राहिला दोन याद्यांवर. एका यादीत कोणी कधी किती देणगी दिली, दुसरीत कोणाला कधी किती सिमेंट मिळालं. दोन्हींत बिल्डरचं नाव होतं. नाव जुळलं, तारखा शेजारी शेजारी आल्या आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली. तेव्हा संगणक नव्हता. रकाना होता, तेवढा पुरला.

पांढरा पैसा परत येतो

१९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने बंदी उठवली. सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत, संचालक मंडळाच्या ठरावाने, हिशेबात पक्षाचं नाव दाखवून देणगी देता येऊ लागली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना आयकर विवरणपत्रं भरण्यावरून खडसावलं. २००३ मध्ये २० हजारांवरच्या प्रत्येक देणगीची माहिती आयोगाला देण्याचं बंधन आलं आणि देणगीदारांना करसवलत मिळाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा साडेसात टक्के केली, नावाचा रकाना कायम ठेवला.

याच काळात सर्व पक्षांची एकजूट दिसली ती एका वेगळ्या प्रकरणात. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवलं की वेदांता या परदेशी कंपनीच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन भाजप आणि काँग्रेस दोघांनीही परकीय देणग्यांच्या कायद्याचा भंग केला आहे. त्यावर २०१६ च्या अर्थसंकल्पात 'परकीय स्रोत' या शब्दाची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. मग लक्षात आलं की देणग्या त्याही आधीच्या आहेत. म्हणून २०१८ मध्ये तोच बदल ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेला. पहिल्या दुरुस्तीतली तारीख चुकली म्हणून दुसरी दुरुस्ती.

रोखे

१ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटलींनी निवडणूक रोख्यांची घोषणा केली. त्यांचं निदान खोटं नव्हतं. पक्षांकडे येणारा बराच पैसा निनावी रोख रकमेचा होता आणि धनादेशाने द्यायला देणगीदार घाबरत होते. म्हणून स्टेट बँकेतून, केवायसी करून, १ हजारापासून १ कोटीपर्यंतचे रोखे घ्या आणि पक्षाला द्या. पक्षाने १५ दिवसांत ते वटवावेत. पैसा पांढरा, नाव गुप्त.

त्याच वित्त विधेयकाने कंपनी कायद्यात दोन बदल केले. साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि कोणत्या पक्षाला पैसे दिले हे हिशेबात दाखवायची अट काढली. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने लेखी हरकती घेतल्या होत्या. विधेयक मनी बिल म्हणून आल्यामुळे राज्यसभेला ते अडवता आलं नाही. १९६० मध्ये घातलेली मर्यादा आणि रकाना, दोन्ही एकाच दिवशी गेले.

मर्यादा का होती हे नंतरच्या आकड्यांतून कळतं. नवी मुंबईत नोंदणी असलेल्या क्विक सप्लाय चेन या कंपनीने एकूण ४१० कोटींचे रोखे घेतले. त्यांतले ३६० कोटींचे एकाच वर्षात, २०२१-२२ मध्ये. त्या वर्षी तिचा निव्वळ नफा २२ कोटींच्या आत होता. जुन्या साडेसात टक्क्यांच्या हिशेबाने अशा नफ्यावर दीड-दोन कोटी देता आले असते. नफ्याशी जोडलेली मर्यादा असली की देणारा स्वतःच्या कमाईतून देतोय, एवढी तरी खात्री राहते. ती गेली की पैसा मुळात कोणाचा, हा प्रश्न उरतो.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. सुडाच्या भीतीचा मुद्दा न्यायालयाने झटकून टाकला नाही. राजकीय निष्ठा खाजगी ठेवण्याचा हक्क त्याने मान्य केला. पण मोठ्या देणगीमागे बऱ्याचदा निष्ठेपेक्षा देवाणघेवाण असते, आणि ती ओळखायची तर मतदाराला नाव कळायलाच हवं. हा हक्क घटनेच्या कलम १९(१)(अ) मधून येतो. शिवाय गुप्तता फक्त मतदारापुरती होती. देणाऱ्याने पक्षाच्या कार्यालयात जाऊन 'हा रोखा माझा' म्हणायला कोणाची आडकाठी नव्हती. छागलांपुढे कंपनी आणि भागधारक होते. ६७ वर्षांनी त्याच प्रश्नात मतदार पक्षकार म्हणून आला.

२१ मार्चनंतर काय कळलं? सगळ्यात मोठा खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरी कंपनी होती, १,३६८ कोटींची. दुसऱ्या क्रमांकावर मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. सर्वाधिक रोखे भाजपने वटवले, सुमारे ६ हजार कोटींचे, पण जवळपास प्रत्येक मोठा पक्ष यादीत होता. पत्रकारांनी खरेदीच्या तारखा छाप्यांच्या आणि कंत्राटांच्या तारखांशेजारी ठेवल्या. तारखा शेजारी येणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे, आणि या व्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमायला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला. शिवाय १२ एप्रिल २०१९ च्या आधी विकलेल्या रोख्यांच्या खरेदीदारांची यादी कधीच बाहेर आली नाही.

आता

निकालामुळे जुना कायदा परत लागू झाला. साडेसात टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाच्या नावाचा रकाना दोन्ही परत आले. मोठा पैसा आता इलेक्टोरल ट्रस्टमधून वाहतो. कल्पना वाईट नाही. टाटा समूहाने १९९६ मध्येच असा ट्रस्ट काढून लोकसभेतल्या जागांच्या प्रमाणात देणग्या वाटण्याची पद्धत घातली होती. २०१३ पासून ट्रस्टना रीतसर योजना आहे आणि त्यांना दरवर्षी आयोगाला अहवाल द्यावा लागतो.

तो अहवाल उघडून बघा. त्यात एक यादी असते, ट्रस्टला कोणत्या कंपन्यांनी किती दिले याची. दुसरी असते, ट्रस्टने कोणत्या पक्षांना किती दिले याची. अनेक कंपन्यांचा पैसा एकाच हौदात पडतो आणि हौदातून पक्षांकडे जातो. कुठल्या कंपनीचा पैसा कुठल्या पक्षाकडे गेला, हे बहुतेकदा सांगता येत नाही. पुन्हा दोन याद्या, मधे क्रमांक नाही.

यावर उपाय अवघड नाही. ट्रस्टच्या अहवालात प्रत्येक रकमेसमोर मूळ देणगीदाराचं नाव लिहायची अट घालायची. २० हजारांखालच्या देणग्यांची नावं आज पक्षांना द्यावीच लागत नाहीत, त्यांच्या एकूण रकमेला मर्यादा घालायची. अहवाल स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यात द्यायचे. यातलं काहीही तंत्रज्ञानासाठी अडलेलं नाही. १९७४ आणि २०१७ चा अनुभव बघता, यातलं काही संसद आपणहून करेल अशी आशा मला नाही. आजवर रकाना परत आला तो कोणीतरी न्यायालयात गेलं म्हणून, किंवा कोणीतरी माहिती अधिकाराचे अर्ज करत राहिलं म्हणून.

तोपर्यंत जे आहे ते वापरता येतं. तुमच्या पक्षाचा २० हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल आयोगाच्या वेबसाइटवर आहे. फोनवरही उघडतो. तुमच्या गावातला रस्ता, पूल किंवा शाळेची इमारत ज्याने बांधली त्या कंत्राटदाराचं नाव कामाच्या फलकावर असतं. त्या दोन याद्या अजून कोणी जोडलेल्या नसतील.